यंदा बर्फ लवकर पडला

“गाठोडं कुटंय रे तुजं?”

गंगम्मानं दारातच विचारलं. अहद ओट्याच्या पायरीशी उभा होता आणि त्याचे दोन्ही हात मोकळे होते. दरसाल दिवाळी झाली की तो यायचा, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आधी त्याचं गाठोडं दिसायचं आणि मग तो. पांढऱ्या चादरीत करकचून बांधलेल्या शाली, स्वेटर, मफलर. ते ओझं पाठीवर घेऊन वाकला की पुढून नुसती दाढी आणि चपला दिसायच्या. यंदा तुळशीची लग्नं उरकली तरी त्याचा पत्ता नव्हता. मागच्या खोलीला चुना लावून, खाटेची नवार ओढून घेऊन गंगम्मा रोज गल्लीकडे डोळे लावून बसायची. आणि आता आला तो असा, हात हलवत.

एकटाही नव्हता. त्याच्या मागे उन्हात एक बाई उभी होती. पायघोळ निळा फेरन, डोक्यावरून मागे गाठ मारलेला रुमाल, गोऱ्या गालांवर लाल बारीक शिरा. ती गंगम्माकडे बघत नव्हती, घराकडे बघत होती. पत्रे, भिंत, ओटा, नळ, सगळं एकेक करून.

“अक्का, हा माझा बायको,” अहद म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचं मराठी बरंच सुधारलं होतं, पण हा-ही-हे चा घोळ काही सुटला नव्हता. “जूनी.”

“अगं बया! ये की माय, आत ये. बाहीर कामून उबी?” गंगम्मानं पदर सावरला. “आन् तू रे? फोन तर करायचास. इतका उशीर कामून केलास?”

“इस साल बरफ जल्दी पडली, अक्का,” अहद म्हणाला. “बहुत जल्दी.”

तो हसत होता. पण ही बातमी चांगली की वाईट, हे गंगम्माला त्याच्या तोंडावरून कळेना.

उदगीरच्या मोंढ्यामागच्या या गल्लीत अहद पहिल्यांदा आला तेव्हा गंगम्माचा नवरा मलप्पा होता. मलप्पा अडत दुकानात मुनीम, गंगम्मा डाळमिलमध्ये डाळ निवडायला. त्या साली अहदला गावात कुणी खोली देईना. मलप्पा रात्री जेवताना म्हणाला, पोरगं सालस दिसतंय, मागची खोली रिकामीच हाय. गंगम्मानं एकच अट घातली होती. आमी लिंगायत माणसं, खोलीत मांसमच्छी शिजवायची न्हाई. अहदनं ती अट पाळली, आणि वर आपली एक घालून घेतली. सकाळी गंगम्माची लिंगपूजा होईपर्यंत तो नळाला हात लावत नसे. मलप्पा करोनात गेला. मुलगा महांतेश हैदराबादला कंपनीत लागला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर डाळमिल सुटली. अहदचं येणं तेवढं सुटलं नाही. सतरा-अठरा हिवाळे झाले असतील.

तो आला की गंगम्माचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “पडला का रे बर्फ?”

“अभी कहां, अक्का. अभी तो चिनार के पत्ते लाल हैं.”

मग ती विचारत राहायची आणि तो सांगत राहायचा. त्याचं गाव गुलमर्गच्या खालच्या उतारावर होतं. तिकडे भात कापून झालं की अक्रोड झोडतात, बाया भोपळ्याच्या फोडी दोऱ्यात ओवून वाळत घालतात, झाडं पिवळी होतात, मग लाल, मग नागडी. आणि एक दिवस सकाळी उठावं तर सगळं पांढरं. गंगम्माला बर्फ म्हणजे रसवंतीवर भुशातून काढलेली लादी ठाऊक होती, आणि माघ-फाल्गुनात ज्वारी आडवी करणाऱ्या गारा ठाऊक होत्या. वरून पडतो म्हणजे गारांसारखा डोक्याला लागतो का? पडताना वाजतो का? पडल्यावर रात्री अंधार होतो का उजेड? डाळ निवडताना ती असले प्रश्न मनात साठवून ठेवायची आणि हिवाळ्यात त्याला विचारायची. अहद शाली विकणारा माणूस. बर्फसुद्धा तो शालीसारखा उलगडून दाखवायचा, मऊ बाजू वर करून.

चहा ठेवता ठेवता तिनं सगळं काढून घेतलं. अहदचा मुलगा तौसीफ. लहानपणी पर्यटकांची घसरगाडी ओढायचा, मग कुणाकुणाच्या मागे लागून पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकला, आता तो दुसऱ्यांना शिकवतो. यंदा त्यानं बूट आणि फळ्या भाड्यानं द्यायचं छोटं दुकान टाकलं होतं. एरवी डिसेंबर उजाडल्याशिवाय वर धड बर्फ साचत नाही. यंदा चिनारची पानं झाडावर असतानाच पडला आणि राहिला. हंगाम आधीच सुरू झाला. दुकानात बसायला माणूस हवा होता.

“मंजे तू आता इकडं येनार न्हाईस,” गंगम्मा म्हणाली.

अहदनं कपात बघितलं. “पिछले साल का माल पेटी में है ना, अक्का? ते विकून टाकतो. सब गिऱ्हाईक को सलाम करतो. फिर जातो.”

“आन् हिला कशाला आनलास येवड्या लांब?”

“मी नाही आणली,” अहद म्हणाला. “ती स्वतः आला. बोली, एक बार वो घर देखना है.”

जूनीनं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, फेरनच्या खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर मीठ कपात टाकलं. गंगम्मा बघतच राहिली.

“चहात मीट?”

“वहां ऐसाच पिते,” अहद म्हणाला.

गंगम्मानं आपल्या बशीत चार थेंब ओतून घेतले, चाखले आणि खळखळून हसली. जूनी हसली नाही. तिनं कप रिकामा केला, उठली आणि विचारायच्या आत मागच्या खोलीकडे चालू लागली. चालताना ती डाव्या अंगाला किंचित झुकत होती.

खोलीत तिनं खाटेवर हात फिरवला. खिडकी उघडून बघितली. दुपारचं ऊन सरळ आत आलं आणि तिच्या पायावर पडलं. बराच वेळ ती त्या उन्हाकडे बघत उभी राहिली. मग भिंतीत खाटेच्या उशाशी, माणसाच्या डोक्याहून उंच ठोकलेल्या लोखंडी हुकाकडे तिचं लक्ष गेलं. तिनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, कपडे टांगायला. गंगम्मा दारात होती. भाषा कळली नसली तरी त्यानं सदरा अडकवल्यासारखा केलेला हात तिनं बघितला. तो हुक कशासाठी ठोकला होता, हे तिला माहीत होतं. ती गप्प बसली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगांची चटणी. जूनी पहिले चार घास काही बोलली नाही. मग एकाएकी बोलू लागली. नवऱ्याकडे न बघता, भाकरीकडे बघत, एका दमात. आवाज वर चढत नव्हता, पण थांबतही नव्हता. अहद मान खाली घालून वरण कालवत होता.

ती थांबल्यावर गंगम्मानं विचारलं, “काय मनली रे?”

“म्हणतो, भाकरी छान आहे.”

“भाकरी छान हाय मनायला येवडा येळ लागतोय व्हय तुमच्या भाषेत?”

“आन् चटणी पण,” अहद म्हणाला.

जूनीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. आपलं बोलणं पलीकडे पोचलं नाही, हे तिला समजलं होतं. तिनं ताट उचललं आणि धुवायला मोरीवर गेली. गंगम्मानं ‘राहू दे’ म्हटलं तरी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला माल छोट्या गाठोड्यात बांधून अहद चाकूरच्या एस.टी.त बसला. तिथून पुढे किल्लारीपर्यंत जाऊन जुन्या गिऱ्हाइकांना भेटून संध्याकाळी परतणार होता. जाताना तो गंगम्माला म्हणाला, “अक्का, ये उर्दू थोडा समझता. पण बोलताना लाजतो.”

दोघी बाया मागच्या अंगणात उन्हाला बसल्या. गंगम्मा पिठाची परात घेऊन चाळण धरून बसली होती. जूनीनं पाय लांब केले, फेरनच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात उन्हात पालथे ठेवले, चुलीपुढे शेकायला ठेवावेत तसे. तेव्हा गंगम्माला दिसलं, तिचं डावं मनगट वाकडं होतं. हाड मोडून, बसवताना चुकून, तसंच जुळून आलेलं.

“हे कशानं ग, माय?” गंगम्मानं आपल्या मनगटावर बोट ठेवून विचारलं.

“शीन,” जूनी म्हणाली.

“शीण? शीण तर येनारच. चार दिवस परवास केलाव. पड जरा खाटंवर.”

जूनीनं मान हलवली. “शीन. शीन.” तिनं वर आभाळाकडे बोट केलं आणि बोटं हलवत हात खाली आणला. गंगम्माला उमगेना. आभाळातून कुणाला शीण येतो? जूनीनं आजूबाजूला बघितलं. मग तिनं गंगम्माच्या हातातली चाळण घेतली, शेजारची पितळी वाटी जमिनीवर पालथी घातली, आणि वाटीवर चाळण धरून हळूहळू हलवू लागली.

ज्वारीचं पीठ वाटीवर पडू लागलं. बिनआवाजाचं. आधी वाटीची किनार पांढरी झाली, मग माथा, मग भोवतालची जमीन.

“बरफ,” जूनी म्हणाली. “शीन.”

“आस्सं!” गंगम्मा गुडघे विसरून पुढे सरकली. “आसा पडतोय? आन् वाजत न्हाई?”

“नहीं.” जूनीनं कानावर हात ठेवले. “सब चुप. कुत्ता चुप. कौवा चुप.” तिला शब्द हुडकावे लागत होते. वाटीकडे बोट करून ती म्हणाली, “मेरा घर. छत.” आणि पीठ पाडत राहिली. गंगम्माला वाटलं आता थांबेल. ती थांबली नाही. वाटीवर बोटभर थर साचला, तिच्या कडा दिसेनाशा झाल्या. मग तिनं वाटीच्या माथ्यावर तळवा ठेवला आणि खाली दाबलं. गंगम्माला कळलं. ओझ्यानं घर बसतं. काढावा लागतो तो.

“कोन काढतंय?”

जूनीनं छातीवर हात ठेवला. मग परातीतलं उलथनं घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं माणसाच्या पायांसारखी चालवत तिनं वाटीवर चढवली आणि डाव्या हातातल्या उलथन्यानं पीठ खरवडून खाली टाकू लागली. एकदा. परत चाळणीनं पीठ पाडलं. परत काढलं. परत पाडलं. “रात को. सुबह को. बच्चा अंदर. मैं ऊपर.” तिनं खोलीकडे मान वळवली. “वो... यहां. धूप में.”

इतक्या हिवाळ्यांत गंगम्मानं बर्फाबद्दल सगळं विचारलं होतं. तो काढतं कोण, एवढंच विचारलं नव्हतं.

जूनीची दोन बोटं वाटीच्या कडेशी आली, घसरली आणि जमिनीवर आपटली. तिनं वाकडं मनगट पुढे केलं. मग कमरेवर हात ठेवला. नंतर हातानं उंची दाखवली, तौसीफ एवढा, आणि मांडीवर पाळणा हलवल्यासारखं केलं, पोरगी एवढीशी. “भाई ने फोन किया. इसको. वो बोला, माल अटका है. रस्ता बंद है.” तिनं उलथनं परातीत टाकलं. “नहीं आया.”

“कवा?” गंगम्मानं विचारलं. “कोनत्या साली?”

जूनी विचारात पडली. तिच्या आणि गंगम्माच्या पंचांगात एकही महिना सारखा नव्हता. मग तिला आठवलं. “नोट बंद हुआ था. वो सर्दी.”

गंगम्माचे हात पिठात तसेच राहिले.

नोटबंदीचा हिवाळा तिला कसा विसरता येईल? त्याच हिवाळ्यात अहद मागच्या खोलीत टायफॉईडनं पडला होता. ताप उतरेना, पोटात पाणी ठरेना. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जायचा आणि बाटली टांगायला मलप्पानं उशाशी हुक ठोकला होता. एका दुपारी मलप्पाच्या फोनवर काश्मीरहून कुणाचा तरी फोन आला. अहद उठून बसून, आवाजात बळ आणून, दोन वाक्यं बोलला आणि भिंतीकडे तोंड फिरवून ढसाढसा रडला. काय झालं विचारलं तर म्हणाला, कुछ नहीं अक्का, वहां बरफ जादा पडली. आणि नवरा-बायको दोघांकडून त्यानं वचन घेतलं. माझ्या आजाराचं माझ्या घरी कधी बोलायचं नाही.

मलप्पा तर गेला. वचन आता एकट्या गंगम्माकडे उरलं होतं. त्या दुपारच्या फोनची दुसरी बाजू आज अंगणात तिच्यासमोर बसली होती, पिठानं माखलेलं वाकडं मनगट घेऊन. गंगम्मानं पदरानं हात पुसले. सांगितलं तर दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर ही बाई या घरातून जाताना हेच घेऊन जाणार, की माझा माणूस इथं उन्हात बसला होता. आणि ही परत काही येणार नव्हती.

“चल,” ती म्हणाली. जूनीचा हात धरून तिला खोलीत नेलं.

ती स्वतः खाटेवर आडवी झाली. गुडघे पोटाशी घेतले, दात वाजवले, अंगभर थरथरली. उठून आपल्याच कपाळावर हात ठेवून चटका बसल्यासारखा मागे घेतला. ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवून दाखवली. मग हुकाकडे बोट केलं, तिथून दंडापर्यंत बोटानं नळी काढली आणि सुई टोचली. “अहद,” ती म्हणाली. “नोट बंद. वोच सर्दी. टायफॉईड.” गाल आत ओढले. डोक्यावरून हात फिरवून केस गळाल्याचं दाखवलं. पायजमा कमरेवर ठरत नव्हता, भिंत धरून मोरीपर्यंत जावं लागायचं, तेही करून दाखवलं. आपण साठीला टेकलेली बाई असली सोंगं करतोय, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. शेवटी तिनं कानाशी मूठ धरली. फोन. मग भिंतीकडे तोंड केलं आणि खांदे हलवले.

जूनी हुकाकडे बघत होती. तिनं जवळ जाऊन तो हातानं चाचपला. खाली खाटेवर बसली.

“कितने दिन?”

“लई दिवस. महिना. जास्ती.”

“पानी कौन...?”

गंगम्मानं आपल्याकडे बोट केलं.

तिला वाटलं, आता ही रडेल. जूनी रडली नाही. तिचे कान लाल झाले. तिनं खाटेच्या पाटीवर मूठ आपटली आणि आपल्या भाषेत असं काही बोलली की ते शिव्याशापच असणार, याबद्दल गंगम्माला शंका राहिली नाही. मग ती उठली, अंगणात गेली आणि जमिनीवर सांडलेलं पीठ झाडूनं गोळा करू लागली. वरचं स्वच्छ पीठ तिनं हलक्या हातानं परातीत घेतलं, मातीतलं चिमण्यांना टाकलं. दिवस कलेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. गंगम्मा मनातून धास्तावली. एक भरलेली जखम आपण उगीच उकरली की काय, असं तिला वाटू लागलं.

उन्हं उतरता उतरता अहद आला, तेव्हा दोघी मागच्या खोलीत होत्या. गाठोडं जवळजवळ रिकामं झालं होतं. किल्लारीत एका जुन्या गिऱ्हाइकानं दोन किलो तुरीच्या शेंगा बांधून दिल्या होत्या. “सब लोक विचारतात, पुढच्या साली कधी येणार,” तो हसत सांगत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तौसीफ. तोंडं दिसतील असा फोन लावला होता त्यानं.

“अक्का, देखो! तुमचा बर्फ!”

गंगम्मानं फोन दोन्ही हातांत धरला. तिकडेही अजून उजेड होता. मागे सगळं पांढरं, देवदाराच्या फांद्या वाकलेल्या, आणि पांढऱ्यात कुठं कुठं अजून न झडलेली लाल पानं. रंगीत कपडे घातलेली माणसं पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून येत होती, काही सरळ, काही पडत, पडलेली हसत. तौसीफ उन्हानं काळवंडलेला, पांढऱ्या दातांचा. त्यानं हात जोडले. “नमस्ते अक्का! इस बार अल्लाह ने नवंबर में ही दुकान चला दी!”

“पडलेली मानसं हासायलीत कशी रे?” गंगम्मानं विचारलं.

“पैसे देऊन पडतात, अक्का,” अहद म्हणाला.

जूनीनं फोन घेतला. मुलाशी चार शब्द बोलली, त्यात एक प्रश्न होता. तौसीफनं फोन वळवला. उताराखाली एक पत्र्याचं घर दिसलं, छतावर जाड पांढरी गादी. जूनी ते बघत राहिली आणि फोन बंद झाला.

तेव्हा गंगम्मा म्हणाली, “अहद, मी हिला सांगितलं. तुज्या टायफॉईडचं.”

अहदचा हात शेंगांच्या पिशवीत तसाच राहिला.

“वचन मोडलं मी. तिचा हात कसा मोडला ते मला म्हाईत नव्हतं. तू सांगितलाच न्हाईस कवा.”

अहद बायकोकडे वळला. काही बोलणार, तोच जूनी बोलू लागली. काल जेवताना बोलली तशीच, एका दमात. पण आज ती भाकरीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. मध्ये एकदा हुकाकडे, एकदा आपल्या मनगटाकडे हात गेला. अहद भिंतीला टेकून खाली बसला.

ती थांबली. “काय मनली?” गंगम्मानं विचारलं.

“कुछ नहीं.”

“कालच्यावानी करू नगंस. सगळं सांग.”

जूनीलाही कळलं असावं. तिनं नवऱ्याला हातानं खूण केली. बोल.

अहदनं घसा साफ केला. मराठी सोडून दिलं, हिंदी धरलं, तेही तुटक. “बोलती है... वो सर्दी में हात टूटा था, फिर भी एक हात से छत साफ करती थी. हर फावडे पे मुझे गाली देती थी. वो साल भी, और उसके बाद हर साल. बोलती है, तू सच बोलता तो बरफ कम नहीं होती. उतनीच निकालनी पडती. लेकिन...” तो थांबला. डोळे पुसले. “लेकिन गाली की जगह दुआ करती. बोलती है, इतने साल की दुआ तूने खराब कर दी.”

बाहेर गल्लीत कुणाची तरी गाडी पुढे-मागे करून लावली जात होती.

“कामून न्हाई सांगितलास रे?” गंगम्मानं हळूच विचारलं.

“वो वहां गिरी पडी, मैं यहां. सोचा, मेरा सुनेगी तो बिस्तर से उठ जाएगी. ऐसी है ये.” अहद म्हणाला. “बाद में... बाद में बोलायचा राहूनच गेला, अक्का.”

जूनीनं तुरीच्या शेंगांची पिशवी ओढून घेतली आणि सोलायला बसली. थोड्या वेळानं अर्ध्या शेंगा तिनं नवऱ्यापुढे सारल्या. तोही सोलू लागला. गंगम्मा चूल पेटवायला उठली. आपल्याला तिथं बसायचं आता काही काम नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

दोन दिवसांनी ती दोघं नांदेडच्या एस.टी.त बसली. तिथून जम्मूची गाडी होती. गंगम्मा स्टँडवर गेली होती. कडक भाकरी, चटणी, आणि जूनीसाठी जाडं मीठ असं बांधून दिलं होतं. अहद खाली वाकून पाया पडला. जूनीनं तसलं काही केलं नाही. तिनं गंगम्माचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा करून बघितला, बाजारात वस्तू पारखावी तसा, आणि मग कपाळाला लावला. एस.टी. धूर सोडत निघून गेली.

पौषात यंदा उदगीरला कडाक्याची थंडी पडली. गल्लीतल्या बाया ओट्याशी थांबून विचारायच्या, “गंगम्मा, काश्मीरवाला दिसंना औंदा?”

“घरी हाय तो,” गंगम्मा सांगायची.

“बरं न्हाई का काय?”

“बरं हाय की. घरीच ऱ्हानार आता.”

महांतेशचे फोन येत होते. शिकवणीच्या पोरांना खोली दे म्हणत होता. बघू, म्हणून ती विषय सोडायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती ओट्यावर तीळ निवडत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या चादरीतलं गाठोडं दिसलं आणि तिचे हात थांबले. पण गाठोड्याखालचा माणूस दुसराच होता. तिशीतला, नवखा, एकेक दार अंदाजत चालणारा. “शाऽल, सूऽट, स्वेटर!” त्याची हाक अजून गल्लीत बसत नव्हती. गंगम्माच्या ओट्याशी येऊन तो म्हणाला, “माँजी, देखने का पैसा नहीं.”

तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. गाठोडं उतरवायला हात लावला.

“कश्मीरचा का रे?”

“जी.”

“यंदा बर्फ लई पडला मनं तिकडं.”

“बहुत, माँजी. छत तक.”

“मग छतावरचा कोन काढतंय तुज्या घरी?”

तो पाणी पिता पिता थांबला. तिनं हातानं फावडं मारून दाखवलं. “छत. बरफ. कौन निकालता?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. पाण्यानं ओले झालेले ओठ पुसले. “बीवी,” तो म्हणाला.

“फोन लाव तिला.”

“जी?”

“लाव की. बस हितं.” गंगम्मानं तिळाचं सूप उचलून मांडीवर घेतलं आणि ओट्यावर जागा केली.

तो बिचकत बसला. खिशातून फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. पलीकडे रिंग वाजत राहिली. एकदा तुटली. त्यानं तिच्याकडे बघितलं, परत लावला. परत वाजत राहिली.

“वर असंल ती,” गंगम्मा म्हणाली. “थांब जरा. येईल खाली.”